उतरणीची परीक्षा

(पोर्तुगाल आणि स्वीडन या दोन देशांवरील पुस्तकाची प्रस्तावना)

आजचा पोर्तुगाल महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान आहे. त्याची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. स्वीडनचा भूभाग मोठा, पण माणसे तेवढीच. २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबईत १ कोटी २४ लाख लोक मोजले गेले होते. म्हणजे यांपैकी कोणताही देश माणसांच्या हिशेबात मुंबईपेक्षा लहानच ठरतो. या देशांच्या लष्कराची आज कोणाला धास्ती वाटत नाही. पोर्तुगाल म्हटले की समुद्रकिनारे आणि फुटबॉल आठवतो, स्वीडन म्हटले की नोबेल पारितोषिक आणि सुखवस्तू, शांत समाज.

सोळाव्या शतकात मात्र अरबी समुद्रात पोर्तुगिजांचा परवाना न घेता गलबत सोडणे म्हणजे मालासकट जीव धोक्यात घालणे होते. गुजरातचे सधन व्यापारी असोत की दख्खनचे सुलतान, हा ‘कार्ताझ’ सगळ्यांना घ्यावा लागे. सतराव्या शतकात स्वीडिश फौज येते आहे एवढ्या बातमीने जर्मनीतली गावे ओस पडत. मुलांना गप्प करण्यासाठी ‘स्वीडिश येतील’ अशी भीती घालण्याची रीत तिथे पुढेही बराच काळ टिकून होती. आणि ऐन भराच्या काळात या दोन्ही राज्यांची लोकसंख्या होती जेमतेम दहा-बारा लाख.

एवढ्याशा लोकांनी एवढा पसारा कसा उभा केला आणि तो गेल्यावर ते कसे जगले, हा या पुस्तकाचा विषय आहे. पहिल्या प्रश्नावर जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा भर दुसऱ्यावर आहे. चढणाऱ्या देशाच्या अंगचे गुण उघड असतात. त्याची खरी परीक्षा उतरताना होते, कारण तेव्हा काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे हे त्याला स्वतःला ठरवावे लागते.

हेच दोन देश का, असे कोणी विचारील. एके काळी दरारा असलेले छोटे देश पुष्कळ आहेत. मंगोलियाची आजची लोकसंख्या सुमारे ३५ लाख आहे, आणि तेराव्या शतकात त्याच मंगोलांचे घोडेस्वार हंगेरीपर्यंत धडकले होते. लिथुएनियाचे राज्य पंधराव्या शतकात बाल्टिक समुद्रापासून काळ्या समुद्राच्या काठापर्यंत पसरलेले होते. डेन्मार्क, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया यांच्याही कथा मोठ्या आहेत. पोर्तुगाल आणि स्वीडन निवडले, कारण त्यांची तुलना न्यायाने करता येते. दोघांनी जवळपास सारख्याच मनुष्यबळावर डोलारा उभारला, दोघांची आजची लोकसंख्याही जवळपास सारखी आहे, पण उतरण्याच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या. शिवाय पोर्तुगालची कथा वसई, चौल, मुंबई आणि गोवा या आपल्या मुलखातून जाते. तिच्या शेवटच्या प्रकरणाचे साक्षीदार आजही आपल्यात आहेत.

चढण

लहान देश मोठी सत्ता होतो तेव्हा बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात : इतरांकडे नसलेले एखादे कसब, शेजाऱ्यांमधली फूट आणि बाहेरून येणारा पैसा.

पोर्तुगिजांचे कसब होते जहाजावर जड तोफा चढवून भर समुद्रात लढण्याचे. १४१५मध्ये त्यांनी मोरोक्कोतले सेउता घेतले आणि पुढची ऐंशी वर्षे आफ्रिकेचा किनारा टप्प्याटप्प्याने उलगडत नेला. १४९८मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. हिंदी महासागरात व्यापार अफाट होता, पण तोफांचे आरमार बाळगून समुद्रावरच मालकी सांगणारी सत्ता तिथे नव्हती. १५०८मध्ये चौलच्या लढाईत व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढच्याच वर्षी आल्मेदाने दीवसमोर इजिप्तच्या मामलुकांचे आणि त्यांच्या हिंदी मित्रांचे आरमार मोडून काढले. त्यानंतर पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने १५१०मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतला, १५११मध्ये मलाक्का, १५१५मध्ये होर्मुझ. अवघ्या सहा वर्षांत समुद्री व्यापाराच्या मोक्याच्या जागा एका मूठभर लोकांच्या राज्याकडे गेल्या. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई दिली, आणि त्याचे कारण होते मोगलांची भीती. शेजाऱ्यांची भांडणे हे पोर्तुगिजांचे अर्धे भांडवल होते.

स्वीडनची चढण जमिनीवरची. गुस्ताव अडॉल्फ १६११मध्ये सोळाव्या वर्षी गादीवर आला. त्याच्यासोबत चान्सेलर ऑक्सेनशेर्नासारखा कारभारी होता. त्यांनी गावोगावच्या पुरुषांच्या याद्या करून सक्तीची भरती बसवली, पायदळाबरोबर धावू शकतील अशा हलक्या तोफा आणल्या आणि घोडदळ, पायदळ, तोफखाना यांना एका तालात लढायला शिकवले. फालूनच्या खाणीतले तांबे युरोपभर विकले जात होते. सतराव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या तांब्याचा सर्वांत मोठा वाटा त्या एका डोंगरातून येत होता. १६३१च्या तहाने फ्रान्सने दर वर्षी दहा लाख लिव्र देऊ केले, कारण ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग सम्राटाला परस्पर खच्ची करणारे कोणीतरी त्याला हवेच होते. त्याच वर्षी ब्रायटनफेल्डला सम्राटाच्या फौजेचा धुव्वा उडाला आणि उत्तरेकडच्या एका गरीब राज्याचे नाव युरोपभर झाले. या विजयी फौजेत स्वीडिश शिपाई थोडे होते. बहुसंख्य शिपाई होते जर्मन आणि स्कॉटिश भाडोत्री.

या कथा रोमांचक आहेत आणि पुस्तकात त्या विस्ताराने आल्या आहेत. पण त्यांच्या शेजारी मी मुद्दाम एका गावाचा हिशेब ठेवला आहे. उत्तर स्वीडनमधल्या बिग्देओ या गावाची जुनी दप्तरे इतिहासकार यान लिंडेग्रेन यांनी तपासली. १६२१ ते १६३९ या काळात त्या गावाने पोलंड आणि जर्मनीतल्या युद्धांसाठी २३० पुरुष दिले. त्यांतले २१५ तिकडेच मेले. पाच जण अपंग होऊन परत आले. बहुतेक जण रणांगणावर पडलेच नाहीत. छावणीतल्या रोगराईने ते गेले. गावातल्या कर्त्या पुरुषांची संख्या ४६८ वरून २८८ वर आली. पुढे पुढे भरतीच्या यादीत पंधरा-सोळा वर्षांची मुले येऊ लागली.

ब्रायटनफेल्डच्या विजयाची तारीख सगळ्यांना पाठ असते. बिग्देओचा आकडा अभ्यासकांपुरता राहतो. या पुस्तकात दोन्ही एकाच पानावर आहेत.

घसरण

उसने बळ टिकत नाही. ज्या कसबावर सत्ता उभी असते ते शेजारी शिकतात, फूट मिटते, पैसा देणारा हात आखडतो. लहान देशाकडे पुन्हा उभे राहण्यासाठी माणसांचा साठा नसतो.

पोर्तुगालला पहिला जबर तडाखा घरच्याच राजाने दिला. चोवीस वर्षांचा सेबास्तियाँव १५७८मध्ये मोरोक्कोवर चालून गेला आणि अल्कासर किबीरच्या लढाईत सरदारांच्या एका पिढीसह मारला गेला. त्याला वारस नव्हता. दोन वर्षांत गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि ६० वर्षे तिथेच राहिली. दरम्यान डच आणि इंग्रज तशीच जहाजे, तशाच तोफा आणि अधिक भांडवल घेऊन पूर्वेकडे आले. होर्मुझ १६२२मध्ये गेले, मलाक्का १६४१मध्ये, कोची १६६३मध्ये. डचांविरुद्ध इंग्लंडची मदत हवी म्हणून १६६१च्या तहात मुंबई राजकन्येच्या आंदणात द्यावी लागली. १७३९मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई घेतली आणि पोर्तुगिजांचा उत्तर कोकणातला बहुतेक सारा मुलूख संपला. आपण हा विजय मराठ्यांच्या शौर्याची गाथा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. लिस्बनच्या बाजूने पाहिले तर दिसते ते असे की समुद्रापलीकडच्या किल्ल्याला वेळेवर माणूस आणि दारूगोळा पाठवण्याची ताकद त्या राज्यात कधीचीच उरली नव्हती.

स्वीडनला धडा शिकवला तो त्याच्याच शिष्याने. १७००मध्ये अठरा वर्षांच्या कार्ल बाराव्याने नार्वाला रशियाच्या पीटरची फौज उधळून लावली. पीटरने पराभवाचा अभ्यास केला, फौज नव्याने बांधली आणि जिंकलेल्या स्वीडिश मुलखात १७०३मध्ये सेंट पीटर्सबर्ग वसवायला घेतले. १७०९मध्ये पोल्टावाला कार्लची फौज संपली. युद्धातले आपले गुरू म्हणून पीटरने कैद झालेल्या स्वीडिश सेनानींच्या नावाने प्याला उंचावला, अशी आख्यायिका आहे. कार्ल पुढे नऊ वर्षे लढतच राहिला आणि १७१८मध्ये नॉर्वेतल्या एका वेढ्यात गोळी लागून मेला. १७२१च्या तहाने बाल्टिकच्या पूर्व किनाऱ्यावरचे प्रांत रशियाकडे गेले.

उतरण : दोन वाटा

स्वीडन एका रात्रीत शहाणा झाला, असे मी कुठेही म्हटलेले नाही. गेलेले परत मिळवण्यासाठी १७४१मध्ये त्याने रशियावर स्वारी केली आणि फिनलंडचा आणखी एक तुकडा गमावला. १७५७मध्ये प्रशियाशी, १७८८मध्ये पुन्हा रशियाशी युद्ध करून हाती काहीच लागले नाही. १८०८मध्ये रशियाच फिनलंडमध्ये शिरला आणि पुढच्या वर्षी सहा शतकांहून जुना तो प्रांत पूर्णपणे गेला. राजाला पदच्युत करण्यात आले, नवी राज्यघटना आली. नेपोलियनचा एक सेनापती, बर्नादोत, युवराज म्हणून निवडला गेला. तो फिनलंड जिंकून देईल अशी लोकांची अपेक्षा होती. त्याने ती आशाच सोडून द्यायला लावली. १८१४मध्ये नॉर्वेला संयुक्त राज्यात आणण्यासाठी झालेली छोटी मोहीम हे स्वीडनचे शेवटचे युद्ध.

त्यानंतरचा स्वीडन दरिद्रीच होता. १८६७ ते १८६९ मध्ये तिथे दुष्काळ पडला आणि पुढच्या दशकांत लाखो लोक अमेरिकेला गेले. पण १८४२मध्ये प्रत्येक गावात शाळा काढण्याचा कायदा झाला होता. रेल्वे, लाकूड, पोलाद आणि यंत्रे यांत पैसा जात राहिला. कसोटीचा क्षण १९०५मध्ये आला. नॉर्वेने विभक्त होण्याचा ठराव केला, दोन्हीकडे सैन्य सीमेवर गेले, वर्तमानपत्रांतून राष्ट्राच्या अपमानाची भाषा सुरू झाली. कार्लस्टाड गावात वाटाघाटी झाल्या आणि एकही लढाई न होता दोन देश वेगळे झाले. शंभर वर्षांपूर्वीचा स्वीडन असे वागला नसता. माझ्या मते ब्रायटनफेल्डपेक्षा मोठा विजय हाच.

या चित्राला काळ्या कडा आहेत आणि त्या झाकलेल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ स्वीडनने हिटलरच्या जर्मनीला लोहखनिज विकले आणि जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने जाऊ दिले. शांततेच्या काळात तो मोठा शस्त्रनिर्माता बनला. १९९९मध्ये कारगिलच्या डोंगरांवर आपल्या जवानांनी डागलेल्या बोफोर्स तोफा तिथल्याच. २०२४मध्ये रशियाच्या भीतीने त्याने नाटोत प्रवेश केला. स्वीडनने शस्त्रे टाकली नाहीत. गमावलेला मुलूख परत मिळवण्याचे धोरण तेवढे टाकले, आणि त्याचे भले होण्यास तेवढे पुरले.

पोर्तुगालने तेच धोरण उराशी धरले. १८२२मध्ये ब्राझील गेल्यावर उरलेल्या वसाहतींना तो अधिकच बिलगला. १९३४मध्ये पोर्तो शहरात वसाहतींचे मोठे प्रदर्शन भरले. त्याचा सूत्रधार एन्रिक गाल्व्हांव याने एक नकाशा तयार केला : अंगोला, मोझांबिक वगैरे वसाहती युरोपच्या नकाशावर पसरून ठेवलेल्या आणि त्यांनी स्पेनपासून रशियापर्यंतचा प्रदेश झाकलेला. नकाशाचे शीर्षक होते, ‘पोर्तुगाल लहान देश नाही’. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने तो देशभर पोहोचवला. पुढे हाच गाल्व्हांव अंगोलात गेला, तिथली वेठबिगारी त्याने पाहिली आणि १९४७मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. राजवटीने त्याला तुरुंगात टाकले. तो निसटला, आणि जानेवारी १९६१मध्ये ‘सांता मारिया’ हे प्रवासी जहाज ताब्यात घेऊन त्याने हुकूमशाहीविरुद्ध जगाचे लक्ष वेधले. ज्याने तो नकाशा केला त्यालाच तो खोटा असल्याचे आधी उमगले.

सालाझारला ते उमगले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी त्याची गत होती. १९५१मध्ये वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव देऊन गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे त्याने जाहीर केले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली तेव्हा लिस्बनहून हुकूम आला होता की शरणागती नाही, सैनिकांनी जिंकावे किंवा मरावे. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो मानला नाही. दोन दिवसांच्या आत त्यांनी शरणागती पत्करली आणि हजारो माणसांचे, शिवाय जुन्या शहरांचे प्राण वाचवले. मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले. गोव्याच्या पाण्यात भारतीय नौदलाशी लढून निकामी झालेल्या पोर्तुगीज युद्धनौकेचे नाव होते ‘अफोन्सो द अल्बुकर्क’.

त्याच १९६१ सालच्या एप्रिलमध्ये स्वीडनने स्टॉकहोमच्या बंदरातून एक युद्धनौका वर काढली. ‘वासा’ ही गुस्ताव अडॉल्फची ६४ तोफांची नौका १६२८मध्ये पहिल्याच सफरीत, किनारा सोडून दीड किलोमीटरही गेली नव्हती तेव्हा बुडाली होती. साम्राज्याच्या घमेंडीची ती निशाणी स्वीडिश लोकांनी जपून वर आणली आणि तिच्यासाठी संग्रहालय बांधले. आपली फजिती त्यांनी लपवली नाही, तिकीट लावून जगाला दाखवली. एका देशाने आपले जुने आरमार संग्रहालयात नेले, दुसऱ्याने त्याच नावाने नवी माणसे मरणाच्या तोंडी दिली. या पुस्तकाचा सारांश विचाराल तर तो या एका वर्षात आहे.

गोवा गेल्यावरही पोर्तुगाल थांबला नाही. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे १९५५मध्ये पकडले गेले होते. गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या तुरुंगातून त्यांची सुटका व्हायला १९६९ उजाडले. अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये १३ वर्षे युद्ध चालले. आठ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक त्यात गेले, आफ्रिकी माणसे त्याच्या कितीतरी पट. सरकारी खर्चाचा मोठा हिस्सा लष्कर खात होते आणि भरती चुकवायला, पोट भरायला तरुण चोरवाटांनी फ्रान्स गाठत होते. बिग्देओचा हिशेब साडेतीन शतकांनी पोर्तुगालची खेडी पुन्हा मांडत होती. शेवटी ज्यांना लढायला लावले होते त्याच तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी राजवट उलथवली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवली. वर्ष संपता संपता गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले, पुढच्या वर्षी अंगोला आणि मोझांबिक स्वतंत्र झाले. १९८६मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला. वसाहती सुटल्यावर तो देश खचला नाही, सावरला. सालाझारने चार दशके लोकांना घातलेली भीती खोटी निघाली.

वाचकांसाठी

पुस्तकाचे तीन भाग आहेत : चढण, घसरण आणि उतरण. तिसरा भाग पहिल्या दोहोंहून मोठा आहे. व्यक्तिनामे आणि स्थलनामे मराठीत रुळलेल्या रूपांत दिली आहेत, जी रुळलेली नाहीत ती उच्चाराच्या जवळ नेली आहेत. पोर्तुगीज-मराठे संबंधांवर लिहिणाऱ्या प्रत्येकावर पांडुरंग पिसुर्लेकरांचे ऋण असते. गोव्याच्या दप्तरखान्यातली कागदपत्रे त्यांनी आयुष्यभर वाचली आणि उजेडात आणली, म्हणून वसईपासून फोंड्यापर्यंतचा इतिहास आपल्याला दोन्ही बाजूंनी पाहता येतो. ते ऋण मी कृतज्ञतेने मान्य करतो.

हे पुस्तक परक्या देशांविषयी असले तरी मराठी वाचकाला ते परके वाटू नये. आपणही एका मोठ्या सत्तेच्या आठवणीवर वाढलेले लोक आहोत. अटकेपार गेलेले झेंडे आपल्या भाषेत घर करून आहेत. जर्मनीत मुलांना स्वीडिशांची भीती घालत, तशी बंगालमध्ये बारगिरांची घालत. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४० नंतर तिथे केलेल्या लुटीची आठवण तिथल्या अंगाईगीतात आजही आहे. १७५८चा अटकेचा उत्साह आपण जपला, १७६१चे पानिपतचे दुःखही जपले. पण त्या मोहिमांसाठी देशावरच्या आणि कोकणातल्या कोणत्या गावातून किती पुरुष गेले, किती परतले, मागे राहिलेल्या शेतांचे आणि घरांचे काय झाले, हा हिशेब आपण फारसा मांडलेला नाही. स्वीडनमधल्या एका अभ्यासकाने एका गावासाठी तो मांडला आणि अभ्यासकांची त्या वैभवाकडे पाहण्याची नजर अधिक प्रामाणिक झाली.

पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. वसईच्या तटाखाली पडलेल्या माणसांचे मोल कमी लेखणारा मी नव्हे. माझे म्हणणे एवढेच की पराक्रमाच्या आठवणीला आजच्या पिढीकडून प्राण मागण्याचा अधिकार नाही. पोर्तुगालला हे कळायला १३ वर्षांचे युद्ध लागले, स्वीडनला एकामागून एक फसलेली युद्धे. पुणे, कोल्हापूर, सातारा, नागपूर इथल्या दप्तरांत आणि गावोगावच्या जुन्या घरांत मोडी कागद अजून पडून आहेत. ज्यांना ते वाचता येतात त्यांनी ते वाचावेत, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते अभ्यासकांना दाखवावेत, आणि आपल्या मोहिमांचा गाववार हिशेब या पिढीने पूर्ण करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.